माझ्या मापाचा ओटा

१४ ऑक्टोबर २००१, रविवार

आले एकदाची. महाडवरनं नऊच्या गाडीनं पोलादपूर, तिथनं महाबळेश्वर रस्त्याला वडापची जीप. जीपवाला सारखा विचारत होता, बंगला कुठला, बंगला कुठला. मी म्हटलं, जिथं वाळूचा ढीग दिसंल तिथं उतरव, डोकं खाऊ नको. बरोब्बर उतरवलंन.

घर झकास हाय. अजून उघडंबोडकं, प्लास्टर अर्धं, फरशी नाय, खिडक्यांना नुसत्या चौकटी. पण उजेड असा की दुपारी डोळा लागायचा नाय. खाली सावित्रीचं पात्र दिसतं, मागं डोंगर. मालक सुधीरभाऊ मुंबईला नोकरीला, जमंल तसे रविवारी येतात. माझी कामं तीन. गवंडी आणि दोन गडी यांचं जेवण करायचं, भिंतींना सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं आणि सिमेंटच्या गोण्या राखायच्या. घर पुरं झालं की मागची खोली माझी, राखणीला कायम. सुधीरभाऊंनी नुसतं तोंडानं सांगितलंय, पण कोण खोटं बोलतो ते मला तोंड बघून कळतं. हा नाय बोलत.

खोली बघितली. दहा बाय दहा, एक खिडकी, कडी आतनं. गौतमीला इथं आणायची. पोरगी बारावीला हाय, महाडला माझ्या बहिणीकडं राहते. बहीण चांगली हाय, पण तिची सासू माझ्या पोरीच्या ताटात बघते. नवरा नाथू गेला त्याला सात वर्षं झाली. सात वर्षं पोरीला या घरातनं त्या घरात फिरवतेय. आता आपलं दार झालं की बास. पोरगी एसटीनं कॉलेजला जाईल, संध्याकाळी आपल्या दारात येईल.

ही वही सुधीरभाऊंनीच दिलीय. म्हणाले, मावशी, रोज काय काम झालं ते लिहीत जा. मी म्हटलं मी चौथी पास, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणाले चालंल. तर लिहिते. आज काम काय नाय, रविवार. उद्यापासनं.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

बैठकीच्या खोलीचं प्लास्टर पुरं. मी भिंतींना दोनदा पाणी मारलं. बाहेर तीन दगड मांडून चूल केलीय, धूर सगळा माझ्या डोळ्यात.

गवंडी कोंडाजी साठीचा असंल. तोंड कमी, हात चांगला. माझ्या भाकरीवर पहिल्याच दिवशी बोलला, बाय, ही भाकरी जोत्याला लावली असती तर एक चिरा वाचला असता. मी म्हटलं, मग उद्या सिमेंटचा माल खा, तो मऊ असतो. गडी हसले. कोंडाजी चार भाकऱ्या खाऊन उठला.

सगळ्या घराचा जीव स्वयंपाकघरात हाय. सुधीरभाऊंच्या बायकोनं, उज्वलानं, कुठल्या तरी मासिकातलं चित्र कापून पाठवलंय, ते भिंतीला खिळ्यानं ठोकलंय. खिडकीखाली लांब ओटा, तो कोपऱ्यात वळवायचा, खाली कप्पे, वर फडताळं. चित्रातली बाई मिक्सरपुढं हसत उभी हाय. एवढं हसायला काय झालंय कळत नाय.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

स्वयंपाकघरातल्या उभ्या विटा झाल्या. वर घालायचा कडाप्पा महाडवरनं टेम्पोनं आला, काळाभोर, एक तुकडा कोपऱ्यावर चिरलेला. मी टेम्पोवाल्याला परत न्यायला लावला. कोंडाजी म्हणाला, तुज्यासारखी बाय साइटीवर असली की मुकादम लागत नाय.

उज्वला परवा रविवारी येणार हाय, माप द्यायला. म्हणजे कोंडाजीची ही पद्धत. सुधीरभाऊंच्या कागदावर ओटा बत्तीस इंच लिहिलाय, पण कोंडाजी कागद बघत नाय. म्हणतो, कागद सैपाक करणार हाय का. जी बाई त्या घरात रांधणार तिला जमिनीवर उभी करायची, हात कोपरात वाकवायचा, जमिनीपासनं कोपरापर्यंत सुतळी धरायची आणि चार बोटं खाली गाठ मारायची. गाठ तिथं ओटा. मग ती सुतळी हळदीत बुडवून कडाप्प्याखालच्या मालात पुरायची. त्याचा बाप असंच करायचा, आजा असंच करायचा. मी विचारलं, पुरायची कशाला, माप घेतल्यावर फेकून दे. म्हणाला, मंग बाईचा हात घराला लागतो. आम्ही बौद्ध, असल्या गोष्टी मानत नाय, तसं त्याला सांगितलं. तो म्हणाला, तुला कुठं द्यायचंय माप.

२१ ऑक्टोबर, रविवार

उज्वला आली नाय.

सकाळपासनं माल कालवून तयार. दहा वाजले, अकरा वाजले, ऊन चढलं. फाट्यावरचा दुकानदार श्रीपत, त्याच्याकडं फोन हाय, तो धापा टाकत वर आला आणि म्हणाला, मुंबईवरनं निरोप हाय, पोराला ताप आलाय, बाई पुढच्या खेपेला येतील. कोंडाजी थापी खाली ठेवून बसला. म्हणाला, थांबू. मी म्हटलं, थांबू म्हणजे. माल सुकतोय, अर्ध्या तासात दगड होईल, एवढं सिमेंट उकिरड्यावर टाकायचं का. आणि आठवडाभर मी धुरात रांधायचं.

तो म्हणाला, बाईशिवाय माप कसं.

मी म्हटलं, मी काय बाई नाय का. बाया सगळ्या सारख्याच उंचीच्या असतात, दोन बोटं इकडं-तिकडं. घे माझं.

नको म्हणत होता. म्हणाला, ह्ये तसं नसतं गो, तू काय घरची नाय. मी जाऊन उभीच राहिले, हात वाकवला आणि म्हटलं, घेतोस का मीच कडाप्पा टाकू. गडी बघत होते. शेवटी घेतलंन. सुतळी कोपराला लागली तेव्हा गार वाटली, पाण्यात भिजवलेली असंल. गाठ मारलीन, हळद लावलीन, मालात घातलीन. मग तिघांनी मिळून कडाप्पा वर ठेवला. बसला पण असा की पाणसळ लावून काही बघायला राहिलं नाय.

मी ओली पोती टाकली. झालं. कामं अशी करायची असतात.

२९ ऑक्टोबर, सोमवार

आजपासनं ओट्यावर सैपाक. सुधीरभाऊंनी शेगडी आणि गॅसची टाकी पाठवली.

खरं सांगते, इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. पंचवीस वर्षं चुलीपुढं उकिडवी बसले, कंबर मोडून घेतली. इथं उभं राहिलं की हात आपोआप जागेवर पडतात. भाकरी फिरते, चाकू चालतो, बघायला लागत नाय. अर्ध्या वेळात जेवण तयार. कोंडाजी जेवला, पण आज भाकरीला नावं ठेवली नाय. म्हणाला, चांगली झाल्येय. असं बोलायची त्याची रीत नाय.

गौतमीला चिठ्ठी लिहिली, खोलीचं काम लागलं म्हणून.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

मोरीचं काम पुरं. नळ उद्या.

आज कांदा चिरताना बोट कापलं. मला कळलंच नाय. गडी पाणी प्यायला आला तो म्हणाला, बाय, बोट बघ. बघितलं तर कातडं उघडं पडलेलं. रक्त नाय. दुखत नाय. धुतलं, चिंधी बांधली. सिमेंटनं हात मरतात, सगळ्या बिगारी बायांचे असेच असतात.

६ नोव्हेंबर, मंगळवार

फरशीवाले आले. बैठकीत पांढरी, स्वयंपाकघरात करडी.

भाकरी उलटताना डावा तळवा तव्यावर टेकला. वास आला म्हणून कळलं. वाटलं भाकरी करपली. हात उचलला, तळव्याला तव्याचा गोल उमटलेला. फोड आला नाय. मी भाकरी केल्या पुढं. दहा राहिल्या होत्या.

कोंडाजीला दाखवलं. त्यानं हात हातात घेतला नाय, लांबनंच बघितलंन. म्हणाला खोबरेल लाव. आणि दुपारी जेवायला आला नाय, घरनं आणलेलं खाल्लंन.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

सरकारी दवाखान्यातली बाई घरोघर फिरतेय, अंगावर महारोगाचे चट्टे आहेत का बघायला. माझे हात बघून थांबली. म्हणाली, डोळे मिटा, पेनानं टोचते, कुठं लागलं ते सांगा. मी मिटले. वाट बघितली. कंटाळून उघडले तर तिचं कधीच टोचून झालेलं.

म्हणाली, चट्टा तर दिसत नाय, रंग पण गेलेला नाय, मग असं कसं. तिनं माझ्या मनगटावर पेन वाजवलंन. टक टक झालं. आम्ही दोघींनी ऐकलं. ती म्हणाली, मावशी, लाजायचं नाय, आता सगळ्याला औषध हाय, महाडला मोठ्या दवाखान्यात दाखवा. चिठ्ठी दिलीन.

रविवारी जाते. गौतमीला पण भेटायचंय, श्रीपतच्या फोनवरनं निरोप दिलाय, स्टँडवर ये म्हणून.

११ नोव्हेंबर, रविवार

गेले नाय.

पोलादपूर स्टँडपर्यंत गेले. महाडची गाडी लागलेली. पायरीवर पाय ठेवायचा तर उचलंना. कंडक्टर ओरडला, चढताय का फोटो काढू. मी दोन हातांनी मांडी धरून उचलून बघितली. नाय. गाडी गेली. दुसरी गाडी, तेच. तिसरीपण. वाटलं चक्कर येतेय, घरी जावं. घराच्या बाजूला वळले तर पाय चालायला लागले. नुसते चालले नाय, पळायला लागले. चढ चढून आले, दम लागला नाय.

येऊन ओट्यापुढं उभी राहिले, मग बरं वाटलं.

पोरगी महाडच्या स्टँडवर दुपारपर्यंत थांबली असंल.

१७ नोव्हेंबर, शनिवार

सुधीरभाऊ आणि उज्वला आले, दिवाळीची सुट्टी म्हणून. उज्वला ठेंगणी हाय, माझ्या खांद्याला लागेल. ओट्यापुढं उभी राहिली तर ओटा तिच्या छातीशी. म्हणाली, हे काय केलंय. कुणाच्या मापाचा आहे हा. कोंडाजी जमिनीकडं बघत होता. मी म्हटलं, माझ्या. तुम्ही आला नाय, माल सुकत होता.

मग तिनं मला आडनाव विचारलंन. सांगितलं. गाव विचारलंन. दासगाव, तेही सांगितलं. पुढं काय विचारलं नाय. फडकं घेऊन ओटा पुसलान, नळाखाली फडकं धुतलंन, परत पुसलान. मला ही नजर ओळखीची हाय, मला त्याचं काही वाटत नाय. हल्ली कशाचंच वाटत नाय.

तिनं पोरासाठी दूध ठेवलंन. शेगडी मोठी. पाऊण तास झाला, दूध गार. पातेलं गार. खाली जाळ निळा फडफडतोय. सुधीरभाऊ म्हणाले गॅस खराब आलाय. मी ओट्यापुढं गेले, पातेल्याला हात लावला आणि दूध वर आलं, उतू गेलं.

उज्वला कोंडाजीला म्हणाली, हे फोडा. माझ्या मापानं करा. ग्रॅनाइट टाका वर. मी म्हटलं फोडा. मला काय, मला मागची खोली पाहिजे.

१९ नोव्हेंबर, सोमवार

मालक मुंबईला गेले. कोंडाजीनं कोपऱ्याकडनं फोडायला घेतलं. छिन्नी लावलीन, हातोडा मारलान. कडाप्प्याचा एक टवका उडाला.

मी बाहेर तांदूळ निवडत होते. ताट पडलं. बघते तर उजवं कोपर फुटलेलं. पडल्यावर माठाचा काठ फुटतो तसं. आत लाल काही नाय. करडं. रवाळ. बोटानं उकरलं तर भुगा आला.

आत गेले, कोंडाजीला दाखवलं. हातोडा टाकलान आणि गेला. गडी पण गेले.

ताटातले तांदूळ भरले. दुखलं असतं तर बरं झालं असतं.

२० नोव्हेंबर, मंगळवार

कोंडाजी थापी-ओळंबा न्यायला आला. मी दारात उभी राहिले, म्हटलं सांगितल्याशिवाय पाऊल टाकू देणार नाय.

सांगितलंन. त्याच्या आज्यानं ओटा बांधला होता, सायमाळच्या पलीकडं एका मोठ्या घरी. तिथल्या बाईचं माप पुरलेलं. चाळीस वर्षं ती बाई तिथं रांधत होती. माहेरी गेली नाय, आईच्या मयताला गेली नाय. लोक म्हणत, काय बाई हाय, घर सोडत नाय. ती मेली, अजून अंगणात तिरडी बांधत होते तर धाकटी सून आत जाऊन ओट्यापुढं उभी. कुणी सांगितलं नव्हतं. अंगापिंडानं सासूसारखीच होती. ती पण तिथंच म्हातारी झाली. लोक म्हणत, काय गुणाची सून. कोंडाजी म्हणाला, ओट्याला हात लागतात गो. एकीचे संपले की दुसरीचे. पण मापाचे पायजेत, भलत्या उंचीची चालत नाय.

मी विचारलं, तिला चाळीस वर्षं लागली, मला महिना पण कसा नाय लागला.

मग म्हणाला, ती घरची होती. घरच्या बाईला घर जपून वापरतं.

म्हटलं, फोड तो ओटा. म्हणाला, एका टवक्याला कोपर गेलं, अख्खा फोडला तर तुजं काय राहील. म्हटलं माझं मी बघीन. हात जोडलेन आणि गेला. हत्यारं तशीच टाकून.

मग मी चूळ भरायला गेले आणि दोरीवर वाळत टाकलेलं पोलकं बघितलं. ते गौतमीचं हाय. गेल्या साली आम्ही दोघी एकच पोलकं घालायला लागलो. उंची एक. हात एक.

२१ नोव्हेंबर, बुधवार

फाटकापर्यंत जाता येतं. पुढं नाय. फाटकात उभी राहून वडापवाल्या जीपला हात केला. त्याला सांगितलं, श्रीपतला सांग, महाडला माझ्या बहिणीच्या शेजारी फोन कर, गौतमीला म्हणावं इकडं अजिबात येऊ नको. मी मालकांबरोबर मुंबईला चाललेय. खोली दुसऱ्याला दिली. असंच सांग म्हटलं.

जीपवाला म्हणाला, खोली दिली का. एवढी कामं केलीस नी.

दिली म्हटलं. जा.

संध्याकाळी जीप खाली जाताना त्यानं ओरडून सांगितलंन, फोन झाला. पोरगी रडत होती म्हणे.

रडू दे. महाडला रडू दे.

२५ नोव्हेंबर, रविवार

सुधीरभाऊ एकटेच आले. माझे हात बघितलेन. खाली बसले. म्हणाले, मावशी, हा रोग बरा होतो, गोळ्या फुकट मिळतात, मी कुणाला बोलणार नाय, उज्वलाला पण नाय. मी म्हटलं रोग नाय हा. ओटा फोडा, आत्ताच्या आत्ता माणसं आणून फोडा, मी मेले तरी चालंल. ते म्हणाले, ओट्याचं काय घेऊन बसलात, आधी दवाखाना. तुमच्या मुलीला फोन करतो. ती येऊन घेऊन जाईल.

मी नको म्हटलं. ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या पाया पडले असते, पण वाकता येत नाय. ते म्हणाले, किती हट्टी आहात तुम्ही.

मागच्या खोलीला रंग दिलाय त्यांनी. पिवळा. आतनं कडी, बाहेरनं कुलूप. चावी देत होते. बोटांत धरता येईना. ओट्यावर ठेवून गेले.

भला माणूस हाय.

२६ नोव्हेंबर, सोमवार

कोंडाजीचा हातोडा घेतला. दोन्ही हातांत धरून उचलला. बोटं मिटत नाहीत, निसटतो. दांड्याला मनगट बांधलं फडक्यानं, दातानं गाठ मारली. एक घाव बसला. डावी करंगळी पडली. खाली पडून वाजली. परत मारणार तर हात खाली येईना. वरच राहिला, दुपारपर्यंत. मग आपोआप खाली आला आणि पीठ मळायला लागला. कुणासाठी मळतेय. घरात कोणी नाय.

२७, मंगळवार

सकाळपासनं ओट्यापुढं. पाय निघत नाहीत. फरशी आणि पाय यात कुठं काय संपतं दिसत नाय —

पेन बोटांत अडकलंय. सुटत नाय. म्हणून लिहिता तरी येतं.

जीभ जड झाली. श्रीपत आला होता खिडकीशी. त्याला सांगायला गेले, गौतमीला अडव. नुसता घरघर आवाज. तो म्हणाला, काळजी करू नको बाय, मालकांचा फोन आला होता, पोरीला निरोप पोचला. उद्याच्या गाडीनं येतेय.

खूश होऊन सांगत होता.

स्वयंपाकघराला दार नाय. सुताराकडं हाय अजून.

भूक नाय. भीती पण नाय वाटत. वाटायला पाहिजे. उद्या वाटली पाहिजे, नायतर मी तिला अडवणार कशी —

२८, बुधवार

वडापची जीप थांबली रस्त्याला. आवाज आला.

फाटक वाजलं.

आली.

दारात उभी राहिली. पिशवी खाली टाकलीन. हात बघितलेन माझे. रडली. मग डोळे पुसलेन. माझी पोरगी हाय, फार वेळ रडत नाय. म्हणाली, खोटं बोललीस माझ्याशी, मुंबईला जाते म्हणून. मला सगळं सांगितलंय मालकांनी. रोगाला कोण लाजतं. उद्या दवाखान्यात जाऊ. खोली बघितली मी, किती छान हाय गो.

जा म्हणते मी. तोंडातनं शब्द नाय. वही पुढं सरकवली. गौतमी वाच. जा. वाच आधी —

तिनं वही बाजूला केलीन. म्हणाली, लिहीत बसू नको, आराम कर. आई तू बस. मी चहा टाकते.

बसता येत नाय मला. तिला कळत नाय —

पातेलं घेतलंन. फडकं घेतलंन. ओटा पुसतेय. माझ्या शेजारी. खांद्याला खांदा.

पाणी लगेच उकळलं.

कोपर टेकलंन ओट्यावर. म्हणते, आई, काय बरोबर उंची हाय. किती बरं वाटतं इथं —

मुंग्या

उजव्या पायाला मुंग्या आल्या. अंगठा हलला. तळव्याला चटका लागतोय, तो तव्याचा, आत्ता लागतोय. कोपर ठणकतंय. दुखतंय — सगळं दुखतंय मला —

गौतमी हात उचल. मला दुखतंय म्हणजे तुला —

बोट बघ तुझं. पातेल्याला लागलंय बोट. गौतमी ते भाजतंय. बघ इकडं. हसू नको, बोट बघ, बो